कुलपातली ऊब

मी बोलतोय, बाळंतपणाच्या खोलीतल्या कोपऱ्यात उभा असलेला वॉर्मर. जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं यंत्र. वर तापणारी कांडी, खाली हातभर लांबीचा पाळणा, मधे आकडे दाखवणारी पेटी. त्या पेटीतून एक बारीक वायर निघते. तिच्या टोकाला नखाएवढी चकती असते. ती बाळाच्या पोटावर चिकटवली की त्याचं अंग किती गार आहे ते मला कळतं आणि मी तेवढाच तापतो. या वायरीला सगळे प्रोब म्हणतात. प्रोब नसला की मी आंधळा. तापत राहतो, पण समोरच्याला ऊब लागतेय की चटका, हे मला कळत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज दुपारी चौकशीचे साहेब येणार आहेत. आमच्या मीना सिस्टरनी सरकारी कपाट फोडलं, त्याची चौकशी. सिस्टर कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. साहेबांच्या एका शेऱ्यावर त्यांची पुढची ऑर्डर अडकली आहे. साहेब सगळ्यांचे जबाब घेतील. माझा घेणार नाहीत. म्हणून तो मी तुमच्यापुढे देतोय.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. बारा वर्षांपूर्वी मी जालन्याला आलो, डॉक्टर राजानंद यांच्या खाजगी बाळांच्या दवाखान्यात. त्यांनी मला बँकेच्या कर्जावर आणलं होतं. खोक्यातून बाहेर काढल्यावर माझा पाळणा त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसला आणि म्हणाले, "आता एकही पोर नुसत्या थंडीनं जाणार नाही." तेव्हा ते तरुण होते. मला ते आवडले. पुढचं सगळं माहीत असूनही आवडतात.

त्या दवाखान्यात माझी काळजी घेतली जायची, हे खोटं कशाला बोलू? बटण अडकलं तर त्याच दिवशी दुरुस्तीवाला यायचा. प्रोब खराब झाला की दुसरा हजर. बाळ जन्मलं की दुसऱ्या मिनिटाला माझ्याखाली. मीना सिस्टर तेव्हा तिथेच होत्या, नुकत्याच शिकून आलेल्या. त्यांचा हात माझ्यावरच बसला.

पण माझा पाळणा रिकामा राहिलेला दवाखान्याला परवडत नसे, हे मला हळूहळू समजलं. डॉक्टरांनी दोन भागीदार घेतले, वर एक मजला चढवला, आणि तीन-तीन किलोची, धडधाकट, भुकेनं टाहो फोडणारी पोरं ‘निरीक्षणासाठी’ माझ्याखाली येऊ लागली. मी त्यांचं अंग मोजायचो. साडेछत्तीस. अगदी हवं तेवढं. बाहेर आजी पदरानं डोळे पुसत बसलेली असायची, आणि आत मी एका ठणठणीत पोराला ऊब दिल्याचं नाटक करत असायचो.

आणि ज्याला माझी खरी गरज, ते निघून जायचं.

टेंभुर्णीकडचं एक जोडपं आलं होतं, पप्पू आणि शालू. त्यांचं पोर सतराशे ग्रॅमचं. चौथ्या दिवशी पप्पू पैसे भरायच्या काउंटरवरून तडक आत आला.

"सिस्टर, गुंडाळून द्या याला. घरी नेतो."

"दादा, अजून चार दिवस तरी पाहिजेत. बाहेर काढलं की गार पडतंय ते," मीना सिस्टर म्हणाल्या.

"तुमी दिवस सांगता, तिकडं काउंटरवाला आकडा सांगतो. गाडी इकली. बकऱ्या इकल्या. आता शालूला उभी करू का बाजारात?"

शालूनं टॉवेल पुढे केला.

सिस्टर डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "मीना, काउंटरचं मी बघत नाही. आता तिथं माझ्या एकट्याचं चालत नाही."

माझी चकती पोराच्या पोटावरून निघाली. पेटीवरचा आकडा गेला, नुसत्या दोन रेघा राहिल्या. त्या पोराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. तासाभरात माझ्याखाली दुसरं पोर होतं. साडेछत्तीस.

त्या महिन्यात मीना सिस्टर ती नोकरी सोडून गेल्या.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात नवी यंत्रं आली आणि मला दान करून टाकलं. अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावाच्या सरकारी आरोग्य केंद्राला. गावाचं नाव सांगत नाही. असं गाव काही एकटं नाही. मला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाला. गावचे पुढारी सर्जेराव केंद्राच्या समितीवर होते. ते पाऊण तास बोलले, त्यात माझ्याबद्दल दोन वाक्यं होती. गर्दी पांगल्यावर एक ओळखीचा हात माझ्या पेटीवर आला.

"आला का रे बाबा तू बी इकडंच?"

मीना सिस्टर! मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, सुटलो. इथे काउंटर नाही. ज्याला गरज असेल तो माझ्याखाली येईल, आणि ज्याला नसेल तो आईच्या कुशीत जाईल.

मी वेडा होतो.

या केंद्रात औषधांचा आणि सामानाचा ताबा वसंताकडे आहे. वसंता फार्मासिस्ट. वाईट माणूस नाही. औषध संपलं तर स्वतः अंबडला जाऊन भांडून आणतो. पण त्यानं मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, "बिल कुठंय?"

बिल नव्हतं. दवाखान्याला तीन पत्रं गेली. तिथल्या हिशेबनिसानं कळवलं, हे यंत्र आमच्या वहीतून केव्हाच काढून टाकलंय, बिल मिळणार नाही. आणि वसंताची वही बिलाशिवाय उघडत नव्हती. एका वहीतून मी गेलेलो आणि दुसरीत आलेलोच नाही.

"बिल न्हाई तं नोंद न्हाई," वसंता म्हणाला. "नोंद न्हाई तं वापर न्हाई. उद्या एखाद्या पोराला काही झालं तं साहेब इचारतील, ही वस्तू आली कुठून?"

आणि मग त्यानं माझी वायर काढली. पिशवीत घातली, पिशवी लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं.

"वसंताभाऊ, तेवढा प्रोब तरी राहू द्या त्याला," सिस्टर म्हणाल्या.

"आन हरवला मंग? मागं तीन थर्मामीटर गेले तं माझ्या पगारातून कापले. तुमी भरता का?"

"पण लागला तर?"

"लागला तं मी हाय ना! चावी माझ्या खिशात हाय. मी काय पळून चाललो का?"

माझ्यावर निळं प्लास्टिक आलं, प्लास्टिकवर चादर. पाहणीला कुणी आलं की चादर निघायची, फडकं फिरायचं, पाहुणे म्हणायचे, "वॉर्मर आहे, छान." गाडी वळली की चादर पुन्हा माझ्या डोक्यावर. गार पडलेली पोरं माझ्या हाताच्या अंतरावरून जीपमध्ये घालून अंबडला, जालन्याला गेली. मी चादरीखालून त्यांचं रडणं ऐकायचो. तीन वर्षं ऐकलं.

आता ती सकाळ सांगतो.

डिसेंबरचा महिना. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम भरात होता, रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग. सकाळचे आठ वाजले होते आणि फरशी इतकी गार की मीना सिस्टर चपला घालूनच आत वावरत होत्या. आमचे डॉक्टर आढाव्याच्या बैठकीला जालन्याला गेले होते. वसंता अंबडहून बसनं निघाला होता, नऊपर्यंत यायचा. केंद्रात सिस्टर एकट्या.

बाहेर जीपचा ब्रेक लागला. फकरोद्दीनचाचा आपल्या लेकीला, आसिफाला, दोन्ही हातांवर उचलून आत आले. मागून त्यांची बायको अकबरबी. चाचा हंगामात उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करतात, अंगावर ग्रीसचे डाग घेऊनच आले होते. आसिफाचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती मालेगावहून माहेरी आलेली. आठवा महिना चालू होता. सकाळी अंगावरून पाणी गेलं होतं.

वीस मिनिटांत मुलगी झाली. सोळाशे ग्रॅम. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. आणि मग तेही थांबवून नुसती कण्हू लागली.

सिस्टरनी एका हातानं माझ्यावरची चादर ओढून फेकली, पिन सॉकेटात खुपसली. माझी कांडी तीन वर्षांनी लाल झाली. पाळण्यात ते एवढंसं अंग आलं. हातपाय निळसर. मी माझी वायर शोधत होतो. वायर नव्हती. पेटीवर दोन रेघा, आणि माझा भोंगा सुरू झाला. प्रोब नसला की तो वाजतोच. तसंच बनवलंय मला.

तेवढ्यात अकबरबी ओरडल्या, "सिस्टर, इकडं बघा! खून थांबून नाही राह्यला!"

आसिफाचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टर तिकडे वळल्या. एक हात तिच्या पोटावर दाबलेला, दुसऱ्यात फोन, स्पीकरवर. रुग्णवाहिकेला लावला, तर ती उसाच्या गाडीच्या अपघाताला गेलेली, दीड तास लागेल म्हणाले. मग वसंताला.

"वसंताभाऊ, कुठं आहात? वॉर्मरचा प्रोब पाहिजे, आत्ता!"

"मी बसमधी. म्होरं उसाच्या गाड्या हायत, बस हलंना," फोनमधून आवाज आला. "आलोच अर्ध्या तासात."

"अर्धा तास न्हाई माझ्याकडं. कपाट फोडते."

"ओ सिस्टर! फोडू नका! बिलकुल न्हाई! त्यात सगळं नोंदीचं सामान हाय. तुमची ऑर्डर जाईल आन माझी नोकरी."

फोन बंद झाला. फकरोद्दीनचाचा दाराशी येरझाऱ्या घालत होते. "सिस्टर, जीप चालू हाय. नातीला प्रायवेटमधी नेतो, जल्दी. तुमच्या त्या जुन्या डॉक्टरकडं. चाळीस किलोमीटर, दबवतो."

सिस्टरनी डॉक्टर राजानंदांना फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला त्यांनी.

"सर, सोळाशे ग्रॅम. गार पडलंय. वॉर्मरला प्रोब नाही. बेड आहे का?"

"बेड आहे. पण मीना, या थंडीत उघड्या जीपमधून चाळीस किलोमीटर आणलंत तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही. आधी तिथेच गरम कर."

"आणि नंतर आणलं तर सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत बसेल का, सर?"

"रेशन कार्डावर आईचं नाव आहे?"

अकबरबींनी ऐकलं. "तिचं नाव सासरच्या कारडावर गेलं ना बाई! मालेगावला. आमच्या कारडातून शादीच्या वक्ताला काढलं."

डॉक्टर म्हणाले, "मग आधी काउंटरला भरावे लागतील. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, सर."

"फोन ठेवू नकोस. वॉर्मर मॅन्युअलवर टाक, निम्म्यावर. आणि कुणाचा तरी हात बाळाच्या अंगावरून निघू देऊ नकोस. आता आईचं सांग. इंजेक्शन दिलंस?"

त्यांच्या बाहेर रांग लागलेली असणार. तरी ते फोनवर थांबले, एक पैसा न घेता. म्हणूनच म्हणालो, ते मला आवडतात.

पण फकरोद्दीनचाचांनी भिंतीवर मूठ आपटली. "तिकडं काउंटर, इकडं कुलूप! आमी पोरीला ठिवावं तरी कुठं?"

मी भोंगा वाजवत होतो.

सिस्टरनी अकबरबींना माझ्याजवळ उभं केलं. त्यांचा हात बाळाच्या तळव्यावर ठेवला. "अम्मा, हा हात हलवू नका. तळवा गार लागला की मला हाक मारा. बराबर?"

"बराबर."

गार लागला की हाक मारा. एवढंच सांगितलं सिस्टरनी. चूक म्हणा, घाई म्हणा. आमच्याकडे सगळ्यांना थंडीचीच भीती. मी निम्म्यावर तापत होतो, पण माझं निम्मं म्हणजे किती, ते मलाच माहीत नव्हतं. तीन वर्षं कुणी मला तपासलं नव्हतं. कांडी जुनी, वीज कमीजास्त.

पडद्यापलीकडे सिस्टर आणि आसिफा. सलाईन, इंजेक्शन, पोट दाबणं, फोनमधला आवाज. अलीकडे मी आणि दोन जणी, एक साठ वर्षांची, एक पंधरा मिनिटांची.

"सिस्टर, ये मशीन क्यूं रोती?" अकबरबींनी विचारलं.

"रडू द्या, अम्मा. वायर न्हाई त्याला, म्हणून वाजतंय."

झालं. माझ्या ओरडण्याला आता काही अर्थ उरला नाही.

बाळाचे पाय निळ्याचे पांढरे झाले, पांढऱ्याचे गुलाबी. अकबरबींचे डोळे भरून आले. "या अल्ला! रंग आला माझ्या चिमणीला. बघ गं आसिफा, रंग आला!"

गुलाबीचं लाल झालं.

अकबरबी हसत होत्या. तळवा गरम होता, चांगला गरम, मग हाक कशाला मारायची? बाळाचं पोट भराभर वरखाली होत होतं. ओठ कोरडे पडले होते. मला माझाच ताप पाळण्याच्या काचेवर जाणवत होता. मी ओरडत होतो, बाई, हात काढा, मला बंद करा, मी पोळवतोय तिला! पण बाहेर पडत होता तोच भोंगा, मघापासूनचा. तोच एक सूर. तुम्ही कधी मदतीला आलेल्या माणसाच्या हातून कुणाला मरताना पाहिलंय? मी ते स्वतःच्याच हातून होताना पाहत होतो.

फकरोद्दीनचाचा आत डोकावले. बायकांच्या खोलीत येऊ की नको अशा संकोचानं दारात उभे राहिले. नात लाल झालेली त्यांनीही पाहिली. पण ते हसले नाहीत. त्यांनी पुढे होऊन माझ्या पाळण्याच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अगे, याचा काटा कुठंय?"

"कसला काटा?" अकबरबी म्हणाल्या.

"टेंपरेचरचा काटा! सिस्टर, बिगर काट्याचं इंजन मी गिऱ्हाइकाला बी देत न्हाई. तुमी पोरीला त्याच्यावर ठिवलं? हे लै तापून राह्यलंय!"

सिस्टर धावत पलीकडून आल्या. हात रक्तानं माखलेले. बाळाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कोपरानंच त्यांनी माझं बटण खाली ओढलं. पण किती खाली? पुन्हा गार पडली तर? पडद्यापलीकडून आसिफा क्षीण आवाजात ‘अम्मी’ म्हणत होती. सिस्टर मधे उभ्या. दोन्हीकडे जीव, आणि हात दोनच.

टेबलावरचा केंद्राचा फोन वाजला, चाचांनी तो स्पीकरवर टाकला. वसंता. "सिस्टर, बस हलली. धा मिनटात पोचतो. हात लावू नका कपाटाला."

"चाचा," सिस्टर म्हणाल्या. "जीपमध्ये टॉमी आहे, लोखंडाची दांडी?"

"हाय."

"तोडा."

"सिस्टर, तुमची नोकरी..."

"तोडा म्हणते ना!"

लोखंडावर लोखंडाचा आवाज मी कारखान्यात ऐकला होता, त्यानंतर त्या दिवशी. तीन घाव. कपाटाचं दार उघडलं आणि माझी वायर त्या पिशवीसकट आली. सिस्टरनी चकती बाळाच्या पोटावर चिकटवली. रेघा गेल्या, आकडा उमटला.

अडतीस पॉइंट सात.

मी बघू शकत होतो! मी स्वतःला आवरलं. कांडी विझवली, पेटवली, विझवली. अडतीस पॉइंट दोन. सदतीस पॉइंट पाच. तिकडे रक्त कमी झालं. सदतीस. फोनमधून डॉक्टर राजानंद विचारत होते, "मीना? मीना, भोंगा थांबला का?" सिस्टर आकड्याकडेच बघत होत्या. साडेछत्तीस. या आकड्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बाळ रडलं. या वेळी मात्र मोठ्यानं.

वसंता आला तेव्हा त्याच्या हातात चावी होती. फरशीवर कुलूप पडलेलं. तो चावी तशीच धरून उभा राहिला. बाळाकडे पाहिलं त्यानं. मग कपाटाकडे. रुग्णवाहिका आली, मायलेकी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. महिन्याभरानं घरी आल्या. मुलीचं वजन तेव्हा एकोणीसशे होतं.

पण कपाट फुटल्याचं कळवावं लागतं. न कळवलं तर वसंतावर येतं. त्यानं कळवलं. म्हणून आज साहेब.

गाडी आली बघा.

साहेब माझ्या खोलीतच खुर्ची टाकून बसलेत. शेजारी सर्जेराव, समितीचे म्हणून. मीना सिस्टर भिंतीशी. वसंता फुटलेल्या कपाटाशी. फकरोद्दीनचाचा आणि अकबरबी न बोलावता आलेत. चाचांनी टेबलावर एक नवंकोरं कुलूप ठेवलंय.

"साहेब, हे घ्या. तुमचं तीन घावात गेलं. हे दहा घाव घेतं, मी आजमावून आणलंय."

साहेबांना हसू आवरलं नाही, पण त्यांनी ते चटकन गिळलं.

सर्जेराव सरसावले. "मी तं म्हणतो साहेब, ही भानगडच नको. हे केंद्र एखाद्या संस्थेला चालवायला दिऊन टाका. प्रायवेटवाला आला की बघा कसं चकाचक! कुलूप बी न्हाई आन वसंता बी न्हाई."

"आन तिथं काउंटर आला मंग, सर्जेरावभाऊ?" अकबरबी पदर सावरत म्हणाल्या. "तुमी उभे राहाल का आमच्याबरोबर?"

सर्जेरावांना नेमका तेव्हाच फोन बघायचा असतो.

मला राहवत नाही. मी दोन्हीकडे राहिलोय, सर्जेराव! तिकडे मी रोज चालायचो, पण कुणासाठी ते काउंटर ठरवायचा. इकडे मी सगळ्यांचा होतो, आणि म्हणून कुणीच मला चालवलं नाही. माझं मत विचाराल तर मी इथेच राहणार. सरकारच्याच दवाखान्यात. पप्पूच्या पोराला चौथ्या दिवशी इथून कुणी उठवलं नसतं. पण इथे राहायचं तर चादरीखाली नाही. सगळ्यांची वस्तू म्हणजे सगळ्यांपासून लपवून ठेवायची वस्तू, हे कुणी शिकवलं तुम्हाला? हे किती वर्षं चालणार? आणखी किती समित्या बसणार?

माझा भोंगा बंद आहे. कुणाला ऐकू जात नाही.

"सिस्टर," साहेब कागदावर पेन टेकवून विचारतात, "कपाट फोडायला परवानगी कुणाची होती?"

मीना सिस्टर मान वर करतात. "कुणाचीच..."

"माझी."

वसंता. आवाज इतका बारीक की साहेबांना पुन्हा विचारावं लागतं.

"माझी व्हती, साहेब. फोनवर. मीच म्हन्लो फोडा."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहतात. त्या खोलीत चौघांना माहीत आहे की तो काय म्हणाला होता.

"पण तुमच्या तक्रारीत हे नाही."

"घाबरलो व्हतो. आता ल्याहा."

साहेब लिहितात. मग त्यांची नजर माझ्यावर येते. "आणि हे यंत्र? याची नोंद?"

"न्हाई, साहेब. बिल न्हाई त्याचं."

"नोंद नाही तर मग वापरायचं नाही. नियम आहे."

वसंता कपाटाशी जातो. साठ्याची जाड वही काढतो. टेबलावर, साहेबांच्या समोर उघडतो. त्याच्या कपाळाला घाम आलाय. तो लिहितो आणि लिहितो तसं वाचतो. "बाळांचा वॉर्मर, नग एक. प्रोब, नग एक. बिल नाही. चालू आहे."

"अहो, सही कुणाची घेणार बिलाशिवाय?"

"माझी," वसंता म्हणतो, आणि करतो.

साहेब ती सही बघतात. खोडत नाहीत. मीना सिस्टरच्या कागदावर ते काय शेरा मारतील, मला इथून दिसत नाही. पेन अजून कागदावर आहे.

माझी कांडी जुनी झाली आहे. अजून किती हिवाळे तापेन, सांगता येत नाही. तुम्ही हे ऐकताय, तर एकच मागणं. तुमच्या गावच्या केंद्रात जा. कोपऱ्यात चादरीखाली कुणी उभं असेल. चादर काढा आणि विचारा, याचा प्रोब कुठे आहे. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.